कापलेला पगार सात तारखेपर्यंत कोणाचा?

पगारातून टीडीएस, म्हणजे मुळातूनच वसूल होणारा आयकर, कापला गेला, पण मालकाने तो सरकारात भरलाच नाही. मग कर कोणी बुडवला? कायद्याचं उत्तर एका शब्दाचं आहे: मालकाने. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २०५ तेच सांगत आलं. जेवढ्या रकमेची मुळातून कपात झाली, तेवढी पुन्हा त्या कर्मचाऱ्याकडे मागता येत नाही. आता हाच प्रश्न आयकर खात्याच्या संगणकाला विचारा. त्याला तुमची सॅलरी स्लिप दिसत नाही, फक्त २६एएस दिसतं, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा. तिथे रक्कम नाही म्हणजे कर भरलेला नाही, आणि कर भरलेला नाही म्हणजे थकबाकीदार तुम्ही. बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राहून इंटिमेशन (सूचनापत्र) येते, त्यात डिमांडचा, म्हणजे थकबाकीच्या मागणीचा, आकडा असतो, आणि वर व्याजही तुमच्याच नावावर.

देशभरचे आयकर अधिकारी जिथे तयार होतात ती राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आपल्या नागपुरात, छिंदवाडा रोडवर आहे. कलम २०५ तिथे शिकवत असणारच. ते संगणकाला शिकवायचं मात्र राहून गेलं.

न्यायालयांनी हे अनेकदा सांगून झालंय. पगारातून कर कापला आणि मालकाने भरला नाही, तर त्याची वसुली कर्मचाऱ्याकडून होणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटलं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ ला पत्र काढून अधिकाऱ्यांना अशा डिमांडची सक्तीने वसुली करू नका म्हणून कळवलं आणि मार्च २०१६ मध्ये पुन्हा तेच बजावलं. तरीही पुढच्या वर्षीच्या रिफंडमधून जुनी डिमांड वळती करून घेण्याचा प्रकार थांबला नाही. तीही आडमार्गाने केलेली वसुलीच आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयाला २०२३ मध्ये सांगावं लागलं. एकच गोष्ट इतक्या वेळा सांगावी लागते तेव्हा दोष एखाद्या अधिकाऱ्याचा नसतो. व्यवस्था कशी बांधली आहे तेच तपासायला हवं.

माझं म्हणणं असं. कपात झाली त्या क्षणी कर्मचाऱ्याने आपला कर भरला, हे सरकारने व्यवहारातही मानावं आणि पुढचा सगळा पाठलाग मालकाचा करावा. त्यासाठी मालकाने पैसा भरताना कोणाकोणाचा भरला ती नावंही त्याच वेळी दिली पाहिजेत.

आज नेमकं तेच होत नाही. एप्रिलचा पगार ३० एप्रिलला झाला, तर त्यातला टीडीएस ७ मेपर्यंत भरायचा असतो. फक्त मार्च महिन्याला सवलत आहे, ३० एप्रिलपर्यंत. पण हे चलन ठोक रकमेचं. त्यावर कंपनीचा टॅन (कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक), कराचा प्रकार आणि एकूण आकडा असतो. नाव कोणाचंच नसतं. नावं जातात तिमाही विवरणपत्रात (१९६१ च्या कायद्यात त्याचं नाव २४क्यू), आणि एप्रिल ते जूनच्या विवरणपत्राची मुदत ३१ जुलै. म्हणजे एप्रिलमध्ये कापलेला कर आपल्या नावावर जमा झाला की नाही, हे कर्मचाऱ्याला तीन महिने कळण्याची सोयच नाही. जानेवारी ते मार्चचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत, वर्षाच्या कपातीचा दाखला (१९६१ च्या कायद्यातला फॉर्म १६) हाती येणार १५ जूनपर्यंत, आणि नोकरदाराचं रिटर्न भरायची नेहमीची मुदत ३१ जुलै. वर्षभराची भानगड उघडकीला येते ती या शेवटच्या सहा आठवड्यांत. तोवर माणसाने नोकरी बदललेली असते, किंवा कंपनीनेच शटर ओढलेलं असतं.

सरकारी नोकरांनीही फार निर्धास्त राहू नये. जिथे पगार कोषागारातून निघतो तिथे चलनाऐवजी पुस्तकी नोंद होते. कोषागार त्या नोंदींचं विवरणपत्र भरतं (१९६१ च्या कायद्यातलं २४जी), त्यातून बिन नंबर, म्हणजे त्या नोंदीचा क्रमांक, मिळतो आणि तो पगार काढणाऱ्या कार्यालयाने आपल्या तिमाही विवरणपत्रात टाकायचा असतो. नंबर चुकला, किंवा ते विवरणपत्र भरणारा बाबू बदलून गेला, की पैसा सरकारातच असूनही माणूस थकबाकीदार ठरतो. इथे तर कोणी खाल्लेलंही काही नाही!

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्याने घेतली. पगारावरच्या टीडीएसचं कलम १९२ होतं, ते ३९२ झालं. कलमांची भाषा सुटसुटीत झाली हे खरं, पण आधी कापा, मग भरा आणि नावं नंतर सांगा, हा सांगाडा तोच राहिला. नवा कायदा लिहायला घेतलाच होता, तर ही दुरुस्ती करायला याहून चांगली संधी नव्हती.

कोणी म्हणेल, नागपुरात असे किती पगारदार आहेत ज्यांचा टीडीएस कापला जातो? बरोबर आहे. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही; पगारदाराला प्रमाणित वजावटीचे ७५ हजार धरले तर पावणेतेरा लाखांपर्यंत. मिहानमधल्या आयटी कंपन्या, बँका, कॉलेजं, मोठी हॉस्पिटलं सोडली तर टीडीएस हा बहुतेकांच्या स्लिपवरचा रिकामा रकाना आहे. पण त्याच्या शेजारचे रकाने रिकामे नाहीत. बुटीबोरीत महिन्याला १६ हजार मिळवणारा एखादा मशिन ऑपरेटर घ्या. त्याचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५ हजार धरू. १२ टक्क्यांनी पीएफचे १,८०० गेले, पाऊण टक्क्याने ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) १२० गेले, व्यवसाय कराचे २०० गेले. एकूण २,१२०. हा माणूस आयकर देत नाही, पण महिन्याला दोन हजारांवर रक्कम मालकाच्या हाती सोपवतो. प्रश्न त्याचाही तोच आहे, आणि रक्कम त्याच्या मानाने मोठी आहे.

यात व्यवसाय कराची गोष्ट मला विशेष वाटते, कारण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्याने आला, तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. शहरातल्या पगारदाराने महिन्याला थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून दुष्काळी भागातल्या माणसाला हाताला काम मिळायचं, अशी ती कल्पना होती. आज दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाला महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने घातलेली मर्यादाही तेवढीच. स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंत माफी आहे. तर या कायद्यात मालकाची जबाबदारी स्पष्ट लिहिली आहे: कर कापला असो वा नसो, कर्मचाऱ्याचा कर मालकानेच भरायचा. ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. कपात केली होती की नाही, स्लिप खरी की खोटी, हा वादच ती उरू देत नाही. पन्नास वर्षांपूर्वी आपल्याच विधिमंडळाला हे सुचलं होतं.

पीएफची व्यवस्था टीडीएसपेक्षा एका बाबतीत पुढे आहे. पैसा दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा आणि त्यासोबत ईसीआर, म्हणजे माणसागणिक तपशिलाचा तक्ता, द्यायचा. त्यात प्रत्येक कामगाराचा यूएएन (पीएफचा क्रमांक), पगार आणि वर्गणी असते. म्हणून पासबुकात महिन्याच्या महिन्याला नोंद दिसते, मोबाइलवर मेसेज येतो. कायद्यानेही या पैशाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. कर्मचाऱ्याची वर्गणी कापली की ती मालकाकडे विश्वासाने सोपवलेली आहे असं धरायचं, आणि भरली नाही तर तो फौजदारी विश्वासघात, हे जुन्या दंड संहितेच्या ४०५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात होतं. न्याय संहितेच्या ३१६ व्या कलमातही ते आलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात हाच धागा पकडला. कर्मचाऱ्याची वर्गणी हा मालकाचा स्वतःचा पैसा नव्हेच; मुदत चुकवून भरली तर आयकरात तिची वजावट मिळणार नाही, असं न्यायालयाने तेव्हाच्या कायद्यावर म्हटलं.

आणि नागपूरने ही गोष्ट कायदा येण्याच्या कितीतरी आधी पाहिलेली आहे. १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधी १९०१ मध्ये सुरू झाला. देशाचा भविष्य निर्वाह निधी कायदा १९५२ चा. आज मिलच्या जागेवर मॉल उभा आहे. रविवारी तिथे सिनेमाला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, कोण जाणे.

आता मालकांची बाजू. ती मी टाळणार नाही, कारण तिच्यात तथ्य आहे. हिंगण्याच्या एमआयडीसीत एखाद्या छोट्या युनिटच्या मालकाशी मोकळेपणाने बोला. तो म्हणेल, "अहो भाऊ, कापलेला पैसा, कापलेला पैसा म्हणता, पण तो होता कुठं? खात्यात होते तेवढे पोरांच्या पगाराले देऊन टाकले ना." या वाक्यात लबाडी नाही. मोठ्या कंपनीने बिल अडवलेलं आहे, सरकारी कामाचे पैसे यायचे आहेत. लघुउद्योगांची बिलं ४५ दिवसांत चुकती करा, नाहीतर त्या वर्षी खर्च वजा मिळणार नाही, अशी आयकराची तरतूद आली. पण सरकारी खात्यांना आयकरच भरायचा नसल्यामुळे तिचा धाक तिथे चालत नाही. पगाराच्या दिवशी हातात जेमतेम निव्वळ पगाराइतकी रक्कम असते. ती वाटली जाते. कपात कागदावर होते, पैसा कुठेच नसतो.

तरीही मी त्या मालकाला एवढंच विचारेन: पगार २० हजार ठरला होता ना? मग १८ हजार देऊन २ हजार 'कापले' असं लिहिलं, याचा अर्थ तुम्ही कामगाराकडून २ हजार उधार घेतले. त्याला न विचारता, बिनव्याजी. बँकेने नाही म्हटलं, सावकाराचा दर परवडला नाही, म्हणून ज्याला नाही म्हणताच येत नाही त्याच्याकडून घेतले. अडचण खरी असेल. तिचा भार कोणी उचलायचा हे तुम्ही एकट्याने ठरवलं.

व्याजाचा नियम मात्र धड कुणालाच न्याय देत नाही. कापलेला टीडीएस उशिरा भरला तर महिन्याला किंवा महिन्याच्या भागालाही दीड टक्का व्याज. आणि ते मोजायचं कपातीच्या तारखेपासून, कॅलेंडरचे महिने धरून. म्हणजे ३० एप्रिलला कापलेला कर ७ मेऐवजी ८ मेला भरला, तर एप्रिल आणि मे असे दोन महिने, ३ टक्के. एक लाखावर ३,००० रुपये, एका दिवसाच्या उशिराला. सात तारखेला पोर्टल गोल फिरत राहिलं म्हणून रडकुंडीला आलेले अकाउंटंट इतवारीपासून धरमपेठेपर्यंत सापडतील. उलट जो मालक वर्षभर पैसा दाबून वापरतो, त्याला पडतं सालाना अठरा टक्क्यांच्या आसपास, तेही सरळ व्याजाने. विनातारण कर्ज छोट्या धंद्याला यापेक्षा स्वस्त मिळणं मुश्कीलच. विवरणपत्र उशिरा भरल्याचे रोजचे २०० रुपये वेगळे, पण त्यांनाही कराच्या रकमेची मर्यादा आहे. एका दिवसाने चुकणाऱ्याला चटका आणि वर्षभर चुकणाऱ्याला सवलतीचं कर्ज, असा हा उफराटा हिशेब आहे. व्याज दिवसावर मोजावं, पहिल्या पंधरवड्यात अगदी हलकं असावं, आणि पुढे महिन्यागणिक चढत जावं. बिल अडकलेल्या प्रामाणिक माणसाला त्यातून श्वास घेता येईल आणि सराईताला ते महाग पडेल.

शिक्षेचंही असंच. १९६१ च्या कायद्यात तीन महिने ते सात वर्षे सक्तमजुरी लिहिलेली होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यात सवलत आली: तिमाही विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसा भरला तर खटला नाही. थोडा उशीर झालेल्याला तुरुंगाची भीती नको, हे मला मान्य आहे. मात्र त्यामुळे एप्रिलच्या कपातीचा खरा धाक थेट ३१ जुलैवर गेला.

तारखांबद्दल मालकांचं रडगाणं मला पूर्ण पटतं. टीडीएस ७ ला, पीएफ आणि ईएसआय १५ ला, व्यवसाय कराचं विवरणपत्र महिनाअखेरीला, छोट्यांना वर्षातून एकदा मार्चअखेरीला, कामगार कल्याण निधी सहा महिन्यांनी. एकाच पगारपत्रकावरचे आकडे, पण पोर्टल वेगळं, पासवर्ड वेगळा, नोंदणी क्रमांक वेगळा. वीस माणसांच्या कारखान्यात हे सगळं सांभाळायला एक अर्धवेळ अकाउंटंट असतो, आणि तो आणखी चार दुकानं सांभाळतो. पगार बँकेत टाकतानाच एक फाइल सरकारला जावी, तिच्यात माणसागणिक पगार आणि सगळ्या कपाती असाव्यात, आणि ज्या खात्याला जे हवं ते त्याने त्यातून उचलावं. हे स्वप्नरंजन नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१३ पासून मालकाला पगाराच्या दिवशी किंवा त्याआधीच प्रत्येक कर्मचाऱ्याची माहिती कर खात्याला द्यावी लागते. आपल्याकडे ईसीआरच्या रूपाने यातलं अर्धं काम झालेलंच आहे. टीडीएसने पीएफच्या मागे जायचं, एवढंच.

माझ्या मागणीवर खरा गंभीर आक्षेप वेगळा आहे. स्लिप दाखवली की कराचं श्रेय द्यायचं ठरवलं, तर मालक आणि नोकर संगनमताने खोट्या स्लिपा करतील, न कापलेला कर कापला म्हणून दाखवतील आणि रिफंडही उकळतील. भीती रास्त आहे. पण स्लिप एकटी पाहायची नाही. बँक खात्यात दरमहा जमा झालेला निव्वळ पगार स्लिपशी जुळतो का, पीएफच्या ईसीआरमधला पगार तोच आहे का, हे ताडून पाहता येतं. तीन ठिकाणचे आकडे जुळले तर डिमांड आपोआप गोठावी आणि नोटीस त्या टॅनधारकाला जावी. श्रेय मिळालं तरी पैसा मालकाकडून येईपर्यंत रोख रिफंड थांबवायला माझी हरकत नाही.

आधी माणसाला द्या, मग मालकाच्या मागे लागा, हे तत्त्व आपल्या कायद्यात नवीन नाही. मालकाने वर्गणी न भरल्यामुळे कामगाराचा लाभ बुडत असेल तर विमा महामंडळाने तो लाभ द्यावा आणि रक्कम मालकाकडून वसूल करावी, ही सोय १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या ६८ व्या कलमात होती. सोमवारीपेठेतल्या विमा हॉस्पिटलच्या दारात उभ्या असलेल्या कामगारासाठी जे तत्त्व चालतं, ते रिटर्न भरणाऱ्या कारकुनासाठी का चालू नये?

कंत्राटी कामगारांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट करता येईल. वीज केंद्रं असोत की कोळसा खाणी, कंत्राटदाराचं बिल पास करताना मूळ नियोक्ता पीएफचं चलन आणि ईसीआर मागतो, कारण कंत्राटदाराने बुडवलं तर ते त्याच्या गळ्यात येतं. या एका कागदाने जेवढी वर्गणी भरली गेली असेल तेवढी छाप्यांनी भरली गेली नसेल, असं मला वाटतं. व्यवसाय कराचा आणि पगारावरच्या टीडीएसचा कागदही त्याच बिलाला जोडायला लावावा. महानगरपालिका, सुधार प्रन्यास, जिल्हा परिषद यांनी एक ओळीची अट निविदेत घातली तरी पुरे. दिल्लीकडे पाहत बसायची गरज नाही.

हे सगळं यंत्रणेनेच करावं असं मी म्हणतो, त्याला कारण आहे. नोकरीत असताना मालकाविरुद्ध रघुजीनगरच्या पीएफ कार्यालयात किंवा सिव्हिल लाइन्सच्या आयकर भवनात तक्रार करायला जाणारा माणूस क्वचितच दिसतो. जातो तो नोकरी सुटल्यावर, आणि तोवर कंपनीत वसूल करण्यासारखं काही उरलेलं नसतं. तक्रारीची वाट पाहणारी व्यवस्था म्हणूनच नेहमी उशिरा पोचते. मोबाइलवर 'या महिन्याचा तुमचा कर जमा झाला' असा मेसेज येण्यासाठी मात्र कुणाचं वैर घ्यावं लागत नाही. मेसेज आला नाही तर चार सहकाऱ्यांत कुजबुज होते, आणि ती मालकाच्या केबिनपर्यंत पोचायला नोटिशीपेक्षा कमी वेळ लागतो.

तोवर ज्यांच्या नावावर अशी डिमांड आलेली आहे त्यांनी ती मुकाट भरू नये. पोर्टलवर 'असहमत' निवडून कपात झाली पण भरणा झाला नाही, असं लिहावं. बारा महिन्यांच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट जोडावं. १ जून २०१५ च्या मंडळाच्या पत्राचा उल्लेख करून आपल्या निर्धारण अधिकाऱ्याला अर्ज द्यावा आणि त्याची एक प्रत टीडीएस विभागालाही द्यावी. पोच घ्यायला विसरू नये.